कानात राहिलेली विमानं

जुन्या लष्करी विमानांचे चार शौकीन एकत्र बसले आणि एअर शोच्या आठवणी निघाल्या, की थोड्याच वेळात शब्द अपुरे पडायला लागतात आणि तोंडाने आवाज काढणं सुरू होतं. कुणी हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाचं टेक-ऑफ काढून दाखवतो, कुणी मालवाहू डकोटाची संथ घुमघुम, कुणी व्हल्कन या ब्रिटिश बॉम्बफेकी जेटची आरोळी. विमानाचा रंग कोणता होता, शेपटीवर कुठला क्रमांक होता, साल कुठलं होतं, यावर वाद होतात आणि ते मिटतही नाहीत. आवाज चुकला तर मात्र समोरचा लगेच थांबवतो: 'छे, डकोटा असं वाजत नाही.' आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं.

ही स्मृती इतकी पक्की असते, याचं कारण ते आवाज कुणी सजवलेले नसतात. पात्याची लांबी, गिअरचं प्रमाण, सिलिंडरची संख्या, हवा आत घेणाऱ्या तोंडाचा आकार, या सगळ्यांतून ते आपोआप ठरतात. म्हणून दिल्लीजवळच्या हिंडन तळावर ऐकलेलं हार्वर्ड आणि इंग्लंडमध्ये डक्सफर्डला ऐकलेलं हार्वर्ड सारखंच वाजतं. आवाजामागचं गणित एकदा कळलं की आठवण पुसट न होता उलट धारदार होते, असा माझा अनुभवाअंती झालेला समज आहे.

हार्वर्डपासूनच सुरुवात करू. आपल्या हवाई दलातल्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या १९७० च्या दशकापर्यंत याच विमानावर शिकल्या. नाकात प्रॅट अँड व्हिटनीचं नऊ सिलिंडरचं 'वॉस्प' इंजिन, ६०० अश्वशक्तीचं. उड्डाणाच्या वेळी ते मिनिटाला २२५० फेरे घेतं, आणि प्रॉपेलर थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरच बसवलेला असतो, मध्ये गिअर नाही. म्हणजे प्रॉपेलरही तितकेच फेरे घेणार. त्याचा व्यास ९ फूट, सुमारे २.७४ मीटर. हिशेब केला तर पात्याचं टोक सेकंदाला ३२३ मीटर वेगाने फिरतं. थंड सकाळी, १० अंश तापमानाला ध्वनीचा वेग असतो ३३७ मीटर. टोक ध्वनीच्या वेगाच्या ९६ टक्क्यांवर आहे, त्यात विमानाचा पुढे जाण्याचा वेग मिळवायचा, आणि पात्याच्या जाडीमुळे त्यावरून वाहणारी हवा जागोजागी याहून वेगात असते. तिथे ध्वनीचा वेग ओलांडला जातो, धक्कालहरी तयार होतात आणि ती प्रसिद्ध फाडून काढणारी घरघर ऐकू येते. इंजिनाचा वाटा त्यात थोडाच, मोठा वाटा पात्यांचा.

यातून दोन गोष्टी आपोआप निघतात. उड्डाण झाल्यावर वैमानिक फेरे १८५० च्या आसपास आणतो, टोकाचा वेग २६५ मीटरवर येतो आणि आवाज एका क्षणात माणसाळतो. ज्याने हार्वर्ड फक्त डोक्यावरून जाताना ऐकलं, त्याने खरं हार्वर्ड ऐकलेलंच नाही. दुसरी गोष्ट, ४० अंश उन्हात ध्वनीचा वेग ३५५ मीटर होतो आणि तेच टोक ९१ टक्क्यांवर येतं. नागपूरच्या मे महिन्यात हे विमान दिल्लीच्या हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा मऊ वाजेल. हा आवाज प्रॉपेलरच्या फिरण्याच्या पातळीत, म्हणजे विमानाच्या दोन्ही बाजूंना सर्वांत तीव्र असतो. पाठीमागे उभं राहणाऱ्याला निम्मी मजाही मिळत नाही. विमान साधारण जिथे जमीन सोडतं, त्याच्या काटकोनात जागा धरावी.

हार्वर्ड सुरू होतानाचा आवाजही वेगळा. त्याचा स्टार्टर आधी एक जड चक्र फिरवतो. वैमानिक पायाच्या पेडलवर टाच दाबतो, बारीक कण्हण्यासारखा सूर हळूहळू चढत जातो, दहा-पंधरा सेकंदांत चक्र पुरेशा वेगात येतं, मग पेडल चवड्याने दाबून ते इंजिनाला जोडायचं. चक्रात साठलेली ऊर्जा इंजिनाला काही फेरे देते, तेवढ्यात इंजिन पेटलं पाहिजे. नाही पेटलं तर पुन्हा टाच, पुन्हा तोच चढता सूर. एअर शोमध्ये दोन-तीनदा हा सूर ऐकू आला की नवखे प्रेक्षक विमान बिघडलं म्हणून हळहळतात. खरं तर बहुतेक वेळा सुरू करताना प्रायमरने, म्हणजे छोट्या हातपंपाने दिलेलं पेट्रोल थोडं कमी किंवा जास्त झालेलं असतं, एवढंच.

डकोटा याच्या अगदी उलट. दोन 'ट्विन वॉस्प' इंजिनं, प्रत्येकी १४ सिलिंडर, १२०० अश्वशक्ती, उड्डाणाला २७०० फेरे. म्हणजे इंजिन हार्वर्डहून जोरात फिरतं, प्रॉपेलरही मोठा, साडेतीन मीटरचा. मग तो किंचाळत का नाही? कारण मध्ये १६:९ चा गिअर आहे. इंजिनाचे १६ फेरे झाले की प्रॉपेलरचे ९. पात्याचं टोक सेकंदाला २८० मीटरच्या आतच राहतं, ध्वनीच्या वेगाच्या बरंच खाली. म्हणून टेक-ऑफलासुद्धा डकोटाचा आवाज खोल, गोल आणि भरदार राहतो.

त्या आवाजात एक लाटही असते, आणि ती दोन इंजिनांच्या नात्यातून येते. समजा एक इंजिन २०५० फेऱ्यांवर आहे, दुसरं २०२० वर. गिअर आणि प्रत्येकी तीन पाती धरून हिशेब केला तर दोन्ही प्रॉपेलरच्या मूळ सुरांत सेकंदाला एक कंपनाहूनही कमी फरक पडतो, आणि सव्वा सेकंदाला एक अशी 'वुंऽऽ वुंऽऽ' ऐकू येते. वैमानिक फेऱ्यांचा दांडा केसभर सरकवून ही लाट लांबवत लांबवत नाहीशी करतो, आणि हे काम तो तंबोऱ्याच्या तारा जुळवणाऱ्यासारखं कानानेच करतो. काट्यावर ३० फेऱ्यांचा फरक नीट दिसत नाही, कानाला मात्र लगेच कळतो. प्रदर्शनात फेरी मारताना वैमानिक सतत थ्रॉटल हलवत असतो, त्यामुळे जमिनीवरच्या माणसाला डकोटाची ती लाट हमखास मिळते.

आपल्या हवाई दलाच्या जुनी विमानं उडवणाऱ्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये उडणाऱ्या डकोटावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिल्या शीख बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला सर्वांत आधी उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. आताचं विमान १९४४ सालचं, आयर्लंडमध्ये भंगारात निघालेलं. राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि डकोटाचे वैमानिक असलेल्या आपल्या वडिलांच्या, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांच्या नावाने हवाई दलाला भेट दिलं. एप्रिल २०१८ मध्ये ते कॉव्हेंट्रीहून उडत उडत टप्प्याटप्प्याने जामनगरला आलं, ४ मे रोजी हिंडनला हवाई दलाच्या ताब्यात गेलं. नाव 'परशुराम'. याच जातीच्या विमानाने वैमानिक मेहर सिंग यांनी २४ मे १९४८ रोजी जनरल थिमय्या यांना घेऊन लेहला, सव्वातीन हजार मीटर उंचीवर, कच्च्या पट्टीवर उतरून दाखवलं होतं. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसलेलं, हिमालय ओलांडण्यासाठी कधीच न बनवलेलं विमान. 'परशुराम' डोक्यावरून जाताना ही दोन नावं आठवली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

हार्वर्ड-डकोटाला असतं त्या रेडियल इंजिनाची एक गोष्ट विमान उभं असतानाच बघण्यासारखी असते, आणि गर्दी बहुतेक वेळा तिच्याकडे पाठ करून उभी असते. सुरू करण्याआधी दोन माणसं प्रॉपेलर हाताने फिरवतात. इग्निशन बंद असतं, पाती एकेक करून मोजली जातात, बारा-पंधरा. ही पूजा नव्हे, तपासणी असते. रेडियलमध्ये सिलिंडर गोलाकार मांडलेले, त्यामुळे तळाचे तीन-चार उलटे लोंबतात. इंजिन काही तास उभं राहिलं की क्रँककेसमधलं तेल पिस्टनच्या रिंगांमधून झिरपून त्या तळच्या सिलिंडरांत साठतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. दोन्ही झडपा बंद असताना पिस्टन त्या तेलावर आदळला तर वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

हाताने फिरवताना पातं मध्येच ठाम अडलं तर तिथेच थांबायचं. जोर लावायचा नाही, आणि उलटंही फिरवायचं नाही. उलटं फिरवलं की तेल इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत ढकललं जातं, वरवर अडथळा दूर झाल्यासारखा वाटतो, आणि इंजिन सुरू होताच तेच तेल परत सिलिंडरमध्ये शोषलं जातं. योग्य इलाज एकच: तळच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढायचा, तेल गळू द्यायचं, पुन्हा फिरवून बघायचं, मग प्लग लावायचा. या दोषाचा खरा घात असा की किंचित वाकलेला रॉड त्या दिवशी काहीच सांगत नाही. इंजिन सुरळीत चालतं आणि कित्येक तासांच्या उड्डाणानंतर कधीतरी तो रॉड हवेत तुटतो. म्हणून ती बारा पाती मोजणारी माणसं मला प्रदर्शनातली सर्वांत महत्त्वाची माणसं वाटतात.

इंजिन पेटताना निघणारा पांढरा-निळा धूर याच उरल्यासुरल्या तेलाचा. तो रेडियलचा स्वभाव आहे. अर्ध्या मिनिटात तो विरायला हवा. एखादं सिलिंडर अडखळत राहिलं तर तळच्या प्लगवर तेल बसलेलं असतं, आणि ते पुढच्या चाचणीत उघडं पडतं. धावपट्टीकडे निघण्याआधी वैमानिक इंजिन चढवून ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एकेक बंद करून बघतो. फेरे शंभराच्या आत पडले तर ठीक. जास्त पडले किंवा इंजिन थरथरलं तर विमान परत जागेवर. कान देऊन उभं राहिलं तर आवाज दोनदा किंचित बसून पुन्हा उठताना स्पष्ट कळतो.

टायगर मॉथ या दुहेरी पंखांच्या छोट्या विमानाबद्दल लिहायला हात शिवशिवतो, कारण त्याचा मोठा आवाज असा काही नाहीच. चार सिलिंडरचं, उलटं टांगलेलं 'जिप्सी मेजर', १३० अश्वशक्ती. ना स्टार्टर, ना ब्रेक, शेपटीला चाकाऐवजी घसरपट्टी. पेट्रोल वरच्या पंखाच्या मध्यावरच्या टाकीतून आपल्याच वजनाने खाली येतं. चाकांपुढे अडसराचे ठोकळे लावायचे, कार्बुरेटर 'टिकल' करून पेट्रोल थेंब थेंब ओघळेपर्यंत भरू द्यायचा, इग्निशन बंद ठेवून चार पाती ओढायची. मग खालचा माणूस ओरडतो 'कॉन्टॅक्ट', वैमानिक स्विच चालू करून तोच शब्द परत देतो, आणि प्रॉपेलरला झटका बसतो. त्याआधी पातं हळू फिरवताना एक 'टक्' ऐकू येतं. ते मॅग्नेटोतल्या स्प्रिंगचं. ती स्प्रिंग ऐन वेळी सुटते आणि हळू फिरणाऱ्या इंजिनालाही जोरकस ठिणगी देते. हा 'टक्' आला नाही तर हाताने इंजिन पेटवायची आशा सोडावी. पेट्रोल जास्त झालं तर स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्रॉपेलर काही फेरे उलटा फिरवून सिलिंडर कोरडे करायचे.

हवेत मॉथ ऐकायचं ते इंजिन मंद करून उतरताना. दोन पंखांना बांधणाऱ्या तारांमधून वारा वाजतो. ताशी ६० मैलांना एक सूर, वेग वाढला की वरचा. जुने शिक्षक विद्यार्थ्याला या सुरावरून वेग ओळखायला लावत. आपल्या हवाई दलाचं दुरुस्त केलेलं टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनी, ८ ऑक्टोबरला, हिंडनवरून पुन्हा उडालं तेव्हा संचलनातल्या जेट विमानांपुढे त्याचा आवाज कितीसा पोचणार होता. तरी शौकीन त्या दिवसाची तारीख अजून विसरलेले नाहीत.

त्याहून जुने आवाज ऐकायचे तर इंग्लंडमधल्या बेडफर्डशरच्या ओल्ड वॉर्डनला जावं लागतं. शटलवर्थ संग्रहातली पहिल्या महायुद्धाच्या काळातली विमानं तिथे अजून उडतात. त्यांतल्या अनेकांना असलेल्या रोटरी इंजिनात क्रँकशाफ्ट विमानाला पक्का जोडलेला आणि सगळं इंजिनच प्रॉपेलरसकट गरगर फिरतं. नेहमीसारखा थ्रॉटल नाही, म्हणून उतरताना वैमानिक बटण दाबून ठिणगीच तोडतो: आवाज बंद, पुन्हा भुर्रर्र, पुन्हा बंद. ठिणगी बंद असतानाही पेट्रोल येतच राहतं, आवरणात साठतं, त्यामुळे बटण फार वेळ दाबून धरलं तर पुन्हा पेटताना आग लागण्याचा धोका. वंगण म्हणून साधं एरंडेल, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ते अर्धवट जळून थेट बाहेर पडतं, आणि धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या मराठी माणसाला लहानपणीची चमचाभर शिक्षा आठवावी असा वास येतो. १९१७ साली हरदितसिंग मलिक याच जातीच्या इंजिनाचं सॉपविथ कॅमल लढाईत उडवत होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर १९१८ मध्ये सॉपविथ डॉल्फिन घेऊन गेले आणि परतले नाहीत. डॉल्फिनचं इंजिन रोटरी नव्हतं, पण त्या पिढीत आपली माणसं होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता मर्लिन, स्पिटफायर या लढाऊ विमानाचं इंजिन. या इंजिनाबद्दल इतकं भाबडेपणाने लिहिलं जातं की आधी त्याचे दोष सांगायला हवेत. स्पिटफायरचे रेडिएटर पंखांखाली, प्रॉपेलरच्या झोताबाहेर, आणि चाकं खाली असताना पायांच्या आडोशात. जमिनीवर उभं राहिलं की काही मिनिटांतच पाण्याचं तापमान शंभराकडे सरकायला लागतं. म्हणून स्पिटफायर सुरू झालं की ते थांबत नाही, लगबगीने धावपट्टीवर जातं. आयोजकांना वेळापत्रक त्याच्याभोवती आखावं लागतं: आधीचं विमान उतरायला उशीर झाला तर बाकीची थांबतील, स्पिटफायरला इंजिन बंद करावं लागेल. सुरुवातीच्या मर्लिनच्या कार्बुरेटरमध्ये तरंगता फ्लोट होता. नाक झटकन खाली घातलं की पेट्रोल वर जाऊन इंजिन खोकायचं. १९४१ मध्ये बिएट्रिस शिलिंग यांनी पेट्रोलच्या वाटेत बसवायची छोटी भोकाची चकती सुचवली आणि तो खोकला आटोक्यात आला. एका अभियंतीची ती चकती लढाऊ वैमानिकांच्या जिवाला केवढा आधार होती, ते सांगायला नको.

आणि तरीही, तो आवाज. बारा सिलिंडर, २७ लिटर, प्रत्येक फेऱ्याला सहा स्फोट. २००० फेऱ्यांना सेकंदाला २०० स्फोट, आणि ते लांब नळीतून न जाता आखूड नळकांड्यांमधून थेट हवेत. त्यावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरची बारीक शीळ. थ्रॉटल मागे घेतला की नळकांड्यांत उरलेलं इंधन तडतडतं.

स्पिटफायर ताशी ४८० किलोमीटरने समोरून गेलं की त्याचा सूर कसा बदलतो, हेही मोजता येतं. वेग सेकंदाला १३३ मीटर, ध्वनीचा ३४०. येतानाचा सूर आणि जातानाचा सूर यांचं गुणोत्तर सव्वादोन पटींच्या जवळ येतं. म्हणजे विमान येताना तार सप्तकातल्या रिषभावर असेल तर जाताना मध्य षड्जावर येऊन टेकतं. पूर्ण सप्तकाहून मोठी मींड, आणि विमान जवळून गेलं तर एक-दोन सेकंदांत. ज्यांना गाण्याचा कान आहे त्यांनी ही एकदा ऐकावीच. मुलांना विमान दाखवताना एक लक्षात ठेवावं: आवाज एक किलोमीटरवरून यायला तीन सेकंद घेतो, तेवढ्यात हे विमान ४०० मीटर पुढे गेलेलं असतं. आवाजाच्या दिशेने बघणारं मूल रिकामं आकाश बघतं.

स्पिटफायरचं आपल्याशी असलेलं नातं लोक विसरतात. हवाई दलाकडे मार्क ८, १४, १८ अशी स्पिटफायर होती. त्यातल्या मार्क १४ आणि १८ मध्ये मर्लिनऐवजी ३६.७ लिटरचं ग्रिफन इंजिन. त्याचा प्रॉपेलर मर्लिनच्या उलट दिशेने फिरतो आणि आवाज अधिक खरखरीत, छातीतून काढलेला. निवृत्तीनंतर आपल्याकडच्या तळांवर पडून राहिलेली अशी कित्येक विमानं १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनला गेली, आणि आज युरोपात उडणाऱ्या ग्रिफन स्पिटफायरमध्ये त्यांचा लक्षणीय वाटा आहे. अमेरिकेतल्या एअर शोमध्ये वर्षानुवर्षे उडालेलं कॉलिंग्ज फाउंडेशनचं बी-२४ लिबरेटरही आपल्याच हवाई दलाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी टाकून दिलेली लिबरेटर आपण दुरुस्त करून घेतली आणि १९६८ पर्यंत वापरली. जगाने ती भंगारात काढली, म्हणून आपली उरली. विकली गेली याची मला खंत आहे, पण ती उडत राहिली याचा आनंद त्याहून मोठा आहे.

जेट विमानांकडे वळलं की आठवणींना दुसरी बाजू येते. ६ सप्टेंबर १९५२ ला फार्नबरोच्या प्रदर्शनात डी हॅविलँड ११० हवेत फुटलं. विमानातले दोघे आणि २९ प्रेक्षक गेले. त्याच आठवड्यात त्याच प्रदर्शनात पांढऱ्याशुभ्र व्हल्कनचा पहिला नमुना लोकांनी प्रथम पाहिला होता. त्या अपघातानंतर अंतराचे नियम आले: जेटने सरळ उडताना प्रेक्षकांपासून किमान २३० मीटर, कसरती करताना ४५० मीटर लांब राहायचं. २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमधल्या शोरहॅमला हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट गिरकी पूर्ण करू शकलं नाही आणि रस्त्यावरची ११ माणसं गेली. चौकशीत दिसलं की गिरकीत शिरताना वेग ३५० नॉट हवा होता तो ३१० च्या आसपास होता, माथ्यावर उंची साडेतीन हजार फूट हवी होती ती २७०० होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये जुन्या जेटना जमिनीच्या वर उडताना कसरती करायला बंदी आली. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि उंच पट्टीतली तडतड हवाच पिऊन टाकते. जुने शौकीन यावर कुरकुर करतात. मला ती पटत नाही. मेलेली माणसं प्रदर्शनाच्या मैदानातही नव्हती, बाहेर रस्त्यावर होती.

हंटरचं नाव अपघाताशी जोडलं गेलं याचं दुःख मात्र आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जैसलमेरहून उडालेल्या मोजक्या हंटरनी लोंगेवालात रणगाड्यांची वाताहत केली, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्याचं सुरू होणं भीतीदायक असतं: आयसोप्रोपिल नायट्रेट नावाचं द्रव स्टार्टरमध्ये पेटतं, त्याला जळायला बाहेरची हवा लागत नाही, आणि दोन-तीन सेकंद किंकाळी फुटून मग एव्हन इंजिन जागं होतं. गळती असेल तर आग तिथेच लागते, म्हणून सुरू करताना एक माणूस अग्निशामक घेऊन उभा असलाच पाहिजे. वेगात जाताना हंटरचा एक लांब, खुला सूर निघतो. ब्रिटिश शौकीन त्याला 'ब्लू नोट' म्हणतात.

व्हल्कनची आरोळी याहून निराळी. चार ऑलिंपस इंजिनं, पुढे कॉन्कॉर्डला लागलेल्या इंजिनांचे पूर्वज, आणि पंखांच्या मुळाशी त्यांची मोठी तोंडं. शक्ती ९० टक्क्यांच्या आसपास नेली की त्या तोंडांतली हवा दुमदुमते. वर गेलं की गर्जना उरते, आरोळी संपते. म्हणजे वैमानिकाने थ्रॉटल त्या अरुंद पट्ट्यातून सावकाश नेला तरच ती नीट ऐकू येते. एक्सएच ५५८ हे व्हल्कन १९९२-९३ ला ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलं, लोकवर्गणी आणि अनुदानावर दुरुस्त झालं, १८ ऑक्टोबर २००७ ला पुन्हा उडालं. मे २०१२ मध्ये उड्डाणाच्या सुरुवातीलाच त्याच्या डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं गेली. ओल शोषण्यासाठी इनटेकमध्ये ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या बाहेर काढायच्या राहिल्या होत्या. पहिल्या इंजिनाने त्या गिळल्या, त्याचे तुकडे शेजारच्यात गेले. सुटी इंजिनं जगात मोजकीच. विमान त्याच वर्षी परत उडालं, पण आयुष्याचा मोठा घास गेला. आत ठेवलेली प्रत्येक वस्तू मोजून लिहून ठेवायची आणि बाहेर काढताना तीच यादी दुसऱ्या माणसाने मोजायची, एवढा साधा तो धडा आहे. २८ ऑक्टोबर २०१५ ला ते शेवटचं उडालं. मूळ कंपन्यांनी तांत्रिक जबाबदारी पुढे घ्यायला नकार दिला होता, आणि त्या वयाच्या विमानासाठी तो निर्णय रास्त होता.

पण व्हल्कनचा आवाज संपला नाही. साउथएंडचं एक्सएल ४२६ आणि वेल्सबर्नचं एक्सएम ६५५ ही दोन विमानं उडत नाहीत, पण स्वयंसेवक त्यांची इंजिनं चालू ठेवत आणि विमानं धावपट्टीवरून पळवत आले आहेत. तीच आरोळी, जमिनीवरून.

हे मुद्दाम सांगायचं कारण मिग-२१. १९६३ ते २६ सप्टेंबर २०२५, चंडीगडच्या निरोपापर्यंत. ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं घडली, आणि नाशिककरांच्या दोन पिढ्यांनी आफ्टरबर्नर, म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळायची सोय, पेटतानाचा तो दणका छपरावर झेलला. आता कितीतरी मिग चौकांमध्ये, महाविद्यालयांच्या दारात चौथऱ्यावर चढलेली आहेत, इंजिन काढलेली. चौथऱ्यावरचं विमान मुकं असतं. माझं म्हणणं इतकंच आहे की त्यातलं एक तरी जमिनीवर चालू स्थितीत ठेवावं.

त्याला फार काही लागत नाही. चाकं आणि त्यांचे पाय पक्के बांधायला काँक्रीटची जागा आणि मागे झोत उधळायला मोकळं मैदान. सुरू करायला जमिनीवरचा वीजपुरवठा. काही आठवड्यांनी एकदा इंजिन चालवणं, कारण पडून राहिलं की रबराची सील सुकतात, इंधनाच्या नळ्यांत चिकटा बसतो आणि बेअरिंगांवरचा तेलाचा पातळ थर उतरतो. पावसाळ्यात इनटेक आणि मागचं तोंड झाकणं, आणि झाकणांची यादी. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी समोरची जमीन हाताने वेचणं, कारण मिगचं हवा घेणारं तोंड थेट नाकाशीच असतं आणि समोरचा खडा आत जाऊ शकतो. आफ्टरबर्नर दरवेळी पेटवायची गरज नाही, वर्षातून एखाद्या दिवशी पुरे. प्रेक्षकांना कानात घालायचे फोमचे बोळे द्यायचे, लहान मुलांना कानावर बसणारे हेडफोनसारखे रक्षक.

ज्यांना ध्वनिमुद्रण करायचं आहे त्यांनी फोनवर विसंबू नये. आफ्टरबर्नरच्या लाटा अणकुचीदार असतात, फोनचा माइक त्यांचे शेंडे कापून टाकतो आणि उरतो नुसता खरखराट. आपोआप पातळी जुळवणारी सोय बंद करून, पातळी खूप खाली ठेवून, माइकला केसाळ टोपी घालून, बाजूला थोडं मागे उभं राहून घ्यावं. सोबत तापमान, अंतर आणि इंजिनाचे टक्के लिहून ठेवावेत. विमानं दुरुस्त करणारे आणि इंजिन चालवणारे तंत्रज्ञ अजून आपल्यात आहेत, त्यांच्याकडून कोणत्या टक्क्याला कोणता आवाज हे आत्ताच नोंदवून घेता येईल.